पाटीवरचं टरबूज

मी कन्हानच्या पुलावर उभं राहून हाक मारली की कामठीतल्या म्हशी गोठ्यात उठून उभ्या राहायच्या. एक म्हैस तर इतकी दचकली की तिनं दोन वेळचं दूध एकदमच दिलं आणि पुढे तीन दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. असं काही मी जेवताना सांगितलं की आई सुनेकडे वळायची आणि विचारायची, "यातलं किती खरं वं?" बायको तव्यावरची पोळी उतरवता उतरवता, मान वर न करता सांगायची, "दोन आणे."

हा आमच्या प्रताप नगरच्या घरातला रिवाज. आणे बाजारातून गेले त्याला जमाना झाला, पण खरं तोलायला आमच्याकडे अजून तेच माप चालतं. सोळा आणे म्हणजे पूर्ण खरं. म्हशीला दोन मिळाले. मौद्याच्या रस्त्यावर मे महिन्यात डांबर इतकं वितळलं की आमची स्टाफ बस चिखलात चप्पल रुतावी तशी रुतून बसली, याला चार. लग्नात मी एकशे अकरा जिलब्या खाल्ल्या, याला सहा, कारण वाढायला बायकोचे काका होते आणि वाढता वाढता त्यांनाच धाप लागलेली तिनं पाहिली होती. आठ आण्यांच्या वर मी तीस वर्षांत कधी गेलो नाही. गेलो असतो तर मलाच लाज वाटली असती.

म्हणून डॉक्टरांनी जे सांगितलं ते आधी, एक शब्द न फुगवता, लिहून टाकतो. गळ्यातली गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे श्वास मानेला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. बोलणं बंद, कुजबुजही नाही. काही महिन्यांनी एखाद्या उपकरणाच्या मदतीनं थोडाफार आवाज काढायला शिकता येईल, कदाचित. ऑपरेशन तीन आठवड्यांनी.

बिडी आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा, दोघांनाही मी तीस वर्षं या गळ्यात घरच्यासारखं वागवलं होतं. सहा महिन्यांपासून आवाज बसला होता, तेव्हा लोकांना मी सांगत होतो की शेजारच्या कुत्र्याशी वाद घालताना बसला. डॉक्टरांच्या खोलीत मी सवयीनं बायकोकडे पाहिलं. ती नेहमीसारखं यातलं काहीतरी कमी करेल, "एवढं नाही हो, चार आणे," म्हणेल, असं मला खरंच वाटलं. ती पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

परत येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "लिहायला काहीतरी पाहावं लागेल तुम्हाला."

मी म्हटलं, "आईला?"

"आईला सध्या छोटं ऑपरेशन आहे म्हणून सांगू."

आईचं वय चौऱ्याऐंशी. तिला आम्ही छोटं ऑपरेशन सांगितलं, आणि स्वतःला कामाला लावून घ्यायला काहीतरी हवं म्हणून दोघंही लिहायच्या वस्तूच्या मागे लागलो.

वही का नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. बायकोनं मला पलंगावर पाठीवर झोपवलं, हातात वही आणि बॉलपेन दिला आणि म्हणाली, "आता पाणी मागा." मी वही वर धरून लिहायला लागलो. 'पा' उमटला आणि शाई संपली. संपली नव्हती, पेनचं टोक आभाळाकडे असलं की शाई खाली येत नाही. साठी उलटेपर्यंत मला हे माहीत नव्हतं, कारण झोपून मी फक्त बोलत आलो होतो. मग सीताबर्डीवरून लहान मुलांची ती काळी पाटी आणली, काडीनं हिरवं उमटतं आणि एक बटण दाबलं की सगळं जातं. त्यावर मी अर्धा तास बायकोशी भांडलो. भांडण ऐन रंगात आलं असताना तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, "काय म्हणत होता?" ती पाटी मी उचलून कपाटाच्या वर टाकली.

तेव्हा माझा मित्र आला. हा माझ्याबरोबर मौद्याच्या वीजकेंद्रात होता, माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाला, आणि आता भगवद्भक्त असल्यासारखा सकाळ-संध्याकाळ पुस्तकं वाचतो. पिशवीतून त्यानं एक पातळ करडी वस्तू काढून टेबलावर ठेवली.

"हे पाह्य गा. ई-इंक टॅबलेट. याच्यात फोनसारखा उजेड नाही. कागदावानी आहे. उन्हात ठेव, अजून साफ दिसते."

"आणि अंधारात?"

"अंधारात तू काय लिहून राहिला बे? दरोड्याची चिठ्ठी?"

मी त्याच्या पेननं लिहिलं. बारीक खरखर आली, पाटीवर पेन्सिल फिरते तशी. अक्षर हाताच्या मागोमाग आलं, दम न खाता. पेनला चार्जिंग लागत नाही, पाठीवर झोपूनही चालतो. पान भरलं की नवीन पान, आणि मागचं जागच्या जागी. मी एवढंच लिहिलं की, 'तुझी पँट फाटली आहे,' आणि तो बिचारा उठून मागे पाहायला लागला. म्हटलं, वा, आपलं बोलणं चालू शकतं.

पण बायकोला एक वस्तू एका वेळेत पटली असं आजवर झालेलं नाही. नागपुरात अशा पाट्या दुकानात मांडून ठेवलेल्या सहसा दिसत नाहीत. मागवायच्या, वापरायच्या, नाही पटल्या तर मुदतीत परत पाठवायच्या. ती रोज दुपारी चष्मा लावून फोनवर बसायची आणि माहिती काढायची. अशा आवेशानं की आमच्या लग्नाच्या वेळी तिच्या घरच्यांनी माझी एवढी चौकशी केली असती तर मी आज बिनलग्नाचा राहिलो असतो.

पहिली आली ती सात इंची. खिशात बसेल म्हणून मागवली. माझं अक्षर मोठं आहे. त्यावर मी 'टरबूज' लिहिलं आणि 'ज' दुसऱ्या ओळीत गेला. दुसरी तेरा इंची. बायकोनं दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "ही पाटी नाही हो, परात आहे. हिच्यावर कणीक मळता येईल." एकीमागे दिवा होता, तो लावला की तिच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला टोचायचा. एक होती ती हस्ताक्षर ओळखून छापील करून देते म्हणे. इंग्रजीत देते, माझं मराठी तिला कोंबडीनं पाय आपटल्यासारखं दिसलं असावं, तिनं त्याच्या जागी चार टिंबं दिली. शेवटी उरली ती दहा इंची, साधी, दिवा मंद करता येणारी, मित्राच्या पाटीची जवळची बहीण. आईच्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं. तिथे बायको ती पाटी घेऊन गेली, उन्हात तिरपी धरली, सरळ धरली, चष्मा लावून पाहिली, काढून पाहिली.

"दिसते," ती म्हणाली. बायकोचं 'दिसते' म्हणजे इतरांचा सत्कार समारंभ.

या सगळ्यात एक भानगड झाली, जी आधी ध्यानात आली नव्हती. मी नोकरीत तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये शिफ्टची नोंदवही लिहिली. तापमान, दाब, किती वाजता कोणता पंप बंद, कोणता चालू. तिथं एक आकडा फुगवला तर माणसं भाजतात. त्यामुळे तोंडानं मी काहीही बोललो तरी हातानं आयुष्यात एक वाक्य खोटं लिहिलं नव्हतं. शिफ्ट संपली की शेवटी लिहायचं: बाकी सर्व सुरळीत. तर पाटीवर सरावासाठी बायकोनं मला म्हशीची गोष्ट लिहायला सांगितली. मी लिहिली. तिनं मोठ्यानं वाचली:

"कन्हान पूल. सकाळी. मोठ्यानं हाक मारली. एक म्हैस उठली. बाकी सर्व सुरळीत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे तर सोळा आणे आहे."

मला ते ऐकून घाम फुटला.

ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा रविवार आम्ही मौनाचा ठरवला. कल्पना तिची. दिवसभर तोंड उघडायचं नाही, जे काही ते पाटीवर, म्हणजे नवीन पाटी मुदतीत परत करायची का ते कळेल. दूधवाला झाला, पाइपवाला झाला, मित्राचा फोन बायकोनं घेतला आणि मी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. सगळं जमलं. मी इतका खूश झालो की गॅलरीत आईकडे गेलो.

आई तिथे उन्हात बसून पेपर घेऊन होती. हे तिचं रोजचं. मी रोज शेजारी बसायचो आणि आमच्या गप्पा व्हायच्या, पेपरात काय आहे त्यावर. तिनं मला पाहून विचारलं, "कालचं ते काय झालं रे, त्या पुलाचं? पडला म्हणे?"

मी पाटी घेतली, लिहिलं, 'पडला नाही. कडेचा थोडा भाग. कोणी जखमी नाही.' आणि तिच्यासमोर धरली.

आईनं पाटी हातात घेतली. उलटी-सुलटी पाहिली. लुगड्याच्या पदरानं काच पुसली, माझं बोट लागलं होतं तिथे. मग माझ्या मांडीवर परत ठेवली आणि म्हणाली, "चांगली आहे. साजरी आहे."

मी तिच्याकडे बघत बसलो. ती माझ्याकडे बघत होती, मी आता उत्तर देणार म्हणून.

माझ्या आईला वाचता येत नाही. सही करते, तेवढं एक नाव ती रांगोळीसारखं काढते. बस रंगावरून ओळखते, गोळी आकारावरून, नोट रंगावरून. पेपर घेऊन बसते ती फोटो पाहते, आणि बाकीचं मी सांगायचो. तीस वर्षं मी स्टाफ बसमध्ये, लग्नाकार्यात, बायकोच्या माहेरी सगळ्यांना सांगत आलो की माझी आई पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, छापखान्याचा पत्तासुद्धा सोडत नाही. बायकोनं याला कधी दोन आणे दिले होते तेही आम्ही दोघं विसरलो होतो. तीन आठवडे आम्ही इंच मोजले, उजेड मोजला, पेनाची खरखर ऐकली, आणि या घरात जी बाई माझं सगळ्यात जास्त ऐकते तिला ही पाटी म्हणजे करडी फळी आहे, हे दोघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही. माझी थाप इतकी वर्षं चालली की शेवटी ती मलाच लागली.

"काहून रे? बोलून नाही राहिला?" आई म्हणाली. तिनं माझ्या गळ्याकडे बोट केलं. "गया दुखते का?"

मौन मोडलं. तिच्याजवळ खाली फरशीवर बसलो आणि त्या बसलेल्या आवाजात सांगितलं, "आई, ऑपरेशन छोटं नाही. आवाज जाणार आहे. मी परत बोलणार नाही."

आईनं मला पाहिलं आणि हसली. खरंच हसली, दात नसलेलं तोंड पूर्ण उघडून. "बाप्पा, काय फेकते हा पोरगा! सकाय सकायी!"

"नाही आई. खरं सांगतोय."

"हाव, हाव. त्या म्हशीवानी." आणि तिनं आत तोंड करून हाक मारली, "यातलं किती खरं वं?"

बायको गॅलरीच्या दारात आली. हातात ओला नॅपकिन होता, तो पिळलेला होता तरी ती अजून पिळत होती. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीतून या बाईनं काहीतरी काढून घेतलं होतं. जिलब्या काढल्या, वाघ काढले, एकदा तर अख्खी रेल्वे काढली. मी तिच्याकडे पाहिलं. थोडं तरी कमी कर, असं वाटलं. दोन आणे तरी.

"सोळा आणे, आई," ती म्हणाली.

आईचं हसू लगेच गेलं नाही. तोंडावर तसंच राहिलं, पाहुणा निघून गेल्यावर दार उघडं राहतं तसं. मग तिनं पेपरची घडी घातली, चौपट, परत चौपट, आणि गुडघ्याखाली ठेवली. शेवटी तिनं माझ्या गळ्यावर हात ठेवला, लहानपणी ताप पाहायची तसा, आणि विचारलं, "किती दिवस आहेत?"

"गुरुवारपर्यंत."

"मग आज सकायपासून काहून चूप होता?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

पुढचे चार दिवस आम्ही पाटी सोडून दुसऱ्या वाटा धुंडाळल्या. फोनमध्ये मराठी टाइप केलं की एक बाई ते बोलून दाखवते. मी टाइप केलं, 'आई, चहा घेणार?' फोनमधल्या बाईनं गोड आवाजात विचारलं. आई उठून पदर सावरून बसली आणि म्हणाली, "कोन आली वं घरात? बसायले सांग तिले." समजावून सांगितल्यावर मान हलवली. "तिनं विचारलं तर मी तिलेच उत्तर देईन ना. तुह्याशी कुठं बोलणं झालं?" ती वाट बंद झाली.

बायको म्हणाली, आवाज रेकॉर्ड करू. बुधवारी दुपारी आईसमोर फोन ठेवला आणि मी टरबुजाची गोष्ट सुरू केली. आईनं फोन उचलून पालथा ठेवला. "ते बंद कर. मले सांग."

म्हणून ती गोष्ट कुठे जमा झालेली नाही. तिचं खरं असं आहे. मी नऊ वर्षांचा होतो. कन्हानच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूत टरबुजं लावतात, त्याला आमच्याकडे डांगरवाडी म्हणतात. आमची एक होती. एप्रिलच्या दुपारी वर कुठेतरी पाऊस झाला आणि पात्रात अचानक पाणी चढलं. वडिलांनी मला टरबुजांनी भरलेल्या पोत्यावर ढकललं, टरबुजं तरंगतात, आणि स्वतः पोत्याची दोरी धरून पोहायला लागले. दोरी सुटली, ते काठाला लागले. मी पोत्याला मिठी मारून बराच खाली वाहत गेलो. आई काठाकाठानं धावत होती, तेवढं मला आठवतं, तिचं लाल लुगडं. सगळा माल नदीनं नेला. संध्याकाळी आईनं चूल पेटवली नाही. भिंतीला टेकून बसली आणि कोणाशी बोलेना. तेव्हा मी तिला सांगितलं की आई, एक टरबूज एवढं मोठं होतं की मी त्यावर बैलावर बसतो तसा बसलो, आणि ते थांबेना, मासे बाजूला होत होते, एका माशानं मला विचारलं, गाडी कुठं चालली? आई आधी माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. मग रडली, आणि मग उठून चूल पेटवली.

माझं सगळं बोलणं तिथून सुरू झालं. बुधवारी मी ते परत सांगितलं. या वेळी टरबूज काटोल नाक्याएवढं झालं. आईनं सुनेला काही विचारलं नाही.

ऑपरेशनचं आणि त्यानंतरच्या दिवसांचं इथे लिहीत नाही. दवाखान्यात पाटी कामी आली. पाठीवर झोपून मी लिहिलं, 'पाणी', 'उशी', 'दुखतं', 'दिवा बंद', 'तू जेवलीस का'. नर्सनं ती पाटी पाहून विचारलं कुठून घेतली, आणि बायकोनं तिला सात इंचापासून तेरा इंचापर्यंत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता नर्सची ड्यूटी संपली. (हे मी फुगवलं. चार आणे.) मी पानं मागे जाऊन चाळली तेव्हा दिसलं की सोळा दिवसांत मी एक वाक्य मोठं लिहिलेलं नाही. सगळं नोंदवहीचं. दाब, तापमान, बाकी सर्व सुरळीत.

घरी आलो तेव्हा थंडी पडली होती. मानेला छिद्र, त्यावर पातळ कापडाची पट्टी, खोकला आला की हवा तिथून बाहेर. आई मला पाहायला दारापर्यंत आली. मी तोंड उघडलं, सवयीनं. काही आलं नाही. तिनं माझा हात धरला आणि गॅलरीत नेऊन उन्हात बसवलं, आणि स्वतः शेजारी बसली, पेपर न उघडता.

पहिले चार-पाच दिवस असे गेले की आम्ही दोघं उन्हात बसायचो आणि काहीच व्हायचं नाही. तिनं विचारलं तर मी मान हलवायचो, हो किंवा नाही. यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईशी किती गप्पा होतात? ती संत्रं सोलून फोडी माझ्यासमोर ठेवायची, मग आठवायचं की मला अजून नुसतं पातळच चालतं, मग स्वतः खायची आणि अर्धवट सोडून द्यायची. तिचं जेवणही तसंच अर्धं होऊ लागलं. बायको तिच्या ताटाकडे पाहायची आणि मग माझ्याकडे.

एका सकाळी बायकोनं पाटी माझ्या मांडीवर ठेवली, पेन हातात दिला, आणि स्वतः आमच्या दोघांच्या मध्ये दोरीचा मोढा ओढून बसली. आईला म्हणाली, "हे लिहितील, मी वाचते. चालेल?"

आई म्हणाली, "तू वाचशील तर यानं सांगितलं कसं होईल?"

"करून तर पाहू."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "टरबुजाची सांग."

ऊन सरळ पाटीवर पडत होतं आणि अक्षर काळंभोर दिसत होतं. त्या बाबतीत मित्र खोटं बोलला नव्हता. मी लिहिलं. हात थांबला नाही, पण थापेकडे वळलाही नाही. बायकोनं वाचलं:

"एप्रिल. दुपार. नदीला पाणी आलं. पोत्याला धरून वाहत गेलो. काठाला लागलो. माल गेला. बाकी सर्व सुरळीत."

आई ऐकत होती. ऐकून झालं तरी ऐकत राहिली. ही गोष्ट तिनं माझ्या आधी पाहिली होती, काठावरून. असं सांगून तिला काय मिळणार होतं? तिनं बोटानं मोढ्याची दोरी खरवडली आणि बारीक आवाजात विचारलं, "मग?"

मी नवीन पान घेतलं आणि पेन टेकवला. काही सुचेना. सुचत होतं ते हाताला खरं वाटत नव्हतं. पाटी माझ्या पुढ्यात पांढरी, उन्हात आणखी पांढरी. आईचा चेहरा मी पाहिला नाही, तिची बोटं पाहिली, ती दोरीवर थांबली होती.

तेव्हा बायकोनं माझ्या मांडीवरून पाटी उचलली, चष्मा नाकावर नीट केला, आणि त्या कोऱ्या पानावर बोट ठेवून, एकेक ओळ सरकवत, वाचायला लागली.

"मग, आई, ते पोतं फाटलं. आणि आतून एकच टरबूज निघालं. एवढं मोठं, की त्याच्यावर चार माणसं बसून पत्ते खेळतील."

आईनं मान वर केली.

मी घाईघाईनं पाटी ओढली आणि खाली लिहिलं, 'चार नाही. मी एकटा.' बायकोनं ते पाहिलं. "हे लिहितात की चार नव्हती," ती म्हणाली, "सहा होती. आणि मागे एक कुत्रं."

मी लिहिलं, 'कुत्रं नव्हतं.'

तिनं पान उलटलं.

"आणि कामठीच्या घाटावर लोक उभे राहिले, म्हणाले ही कोणाची वरात? तर टरबुजानंच उत्तर दिलं, सासरी चाललो म्हणून." तीस वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीला कात्री लावणारी ही बाई आता थांबेना. तिच्या बोटाखाली कोरं पान होतं आणि ती त्यावर एक ओळ सोडत नव्हती. सांगण्यात ती माझ्यापेक्षा कच्ची आहे, हे मी सांगून ठेवतो. टरबूज सासरी चाललं हे मी कधी म्हटलं नसतं. पण आईच्या तोंडाची सुरकुती हलली. मग खांदे हलले. मग ती हसायला लागली, हळूहळू, दात नसलेलं तोंड पूर्ण उघडून, आणि पदर डोळ्याला लावला.

हसून झाल्यावर ती सुनेकडे वळली नाही. माझ्याकडे वळली.

"यातलं किती खरं रे?"

लिहून उपयोग नव्हता. मी पेन खाली ठेवला आणि दोन बोटं वर केली. ती तिला दिसली. बोटं तिला मोजता येतात.

"दोनच?" बायको म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तिसरंही बोट वर केलं.